आठवडा की हफ्ता?

आमच्या लोधीखेड्यात एकाच ओट्यावर बसलेली दोन माणसे एकाच दिवसाबद्दल बोलताना दोन निराळे आकडे वापरतात, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. मराठी बोलणारा म्हणतो, ‘आठवड्याने ये.’ हिंदी बोलणारा म्हणतो, ‘हफ्तेभर बाद आना.’ दोघांचाही रोख पुढच्या सोमवारावरच असतो. पण आठवड्याच्या पोटात आठ आहेत आणि हफ्त्याच्या पोटात फारसीतले सात. मग आठ दिवस आणि सात दिवस एकच कसे? उत्तर सोपे आहे. मराठी माणूस आजचा सोमवार मोजतो आणि पुढचा सोमवारही मोजतो, म्हणून त्याचे आठ होतात. हफ्त्याचा हिशेब करणारा दोहोंपैकी एकच सोमवार मोजतो, म्हणून त्याचे सात. ‘पंधरा दिवसांनी येतो’ असे सांगून आपण चौदा दिवसांनी जातो, तेही याच कारणाने.

लोधीखेडा हे सौसर तालुक्यातले, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे गाव. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे दोन भाषा, दोन पंचांगे आणि दोन प्रकारची मोजणी आम्ही लहानपणापासून एकाच आळीत पाहत आलो. ओट्यावर त्याने काही बिघडत नाही. माणूस समोरच्याचा चेहरा पाहतो, गरज पडली तर ‘म्हणजे येत्या सोमवारीच ना?’ असे विचारतो आणि निर्धास्त होतो. यंत्र मात्र असे विचारीत नाही. त्याला जे सांगितले, तेवढेच ते करते. आणि जे सांगितले नाही, ते स्वतःच्या पद्धतीने गृहीत धरते. माझे आजचे म्हणणे या न सांगितलेल्या गोष्टीबद्दल आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या संगणकाच्या अभ्यासक्रमात एक प्रयोग असतो. संगणक स्वतःच्या कामाची नोंद ठेवीत असतो: प्रोसेसर किती वेळ कामात होता, स्मृती किती भरली, तारेवरून किती मजकूर गेला. ही आकडेवारी मागवायची आणि तिचा तक्ता करायचा. मागवताना कधीपासून कधीपर्यंतची हवी, हे सांगावे लागते. त्यासाठी तयार फंक्शने असतात: ‘आज’, ‘काल’, ‘गेले २४ तास’, ‘हा महिना’. आपण त्यांतले एखादे उचलतो, लावतो आणि पुढे जातो. आपले सगळे लक्ष असते सरासरीच्या सूत्राकडे आणि आलेखाच्या रंगाकडे. माझ्या मते त्या प्रोग्राममधली सर्वांत जोखमीची ओळ ही काळाची असते, आणि नेमकी तीच आपण शिकवीत नाही व तपासतही नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. संत्र्याच्या बागेला एका बाजूने कुंपण घालायचे आहे. दोन खांबांमधल्या जागेला गाळा म्हणू. दहा गाळे हवे असतील तर खांब किती लागतील? घाईने उत्तर देणारा दहा म्हणतो. लागतात अकरा. कारण शेवटच्या गाळ्यालाही पलीकडे खांब लागतोच. आता हेच काळाला लावा. दर दहा मिनिटांनी नोंद होत असेल तर एका दिवसात दहा-दहा मिनिटांचे १४४ गाळे पडतात; पण मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, दोन्ही टोके धरून नोंदी मोजल्या तर त्या १४५ भरतात. एका दिवसापुरते हे क्षुल्लक वाटेल. पण एप्रिलच्या तीस दिवसांच्या नोंदी अशा रोजच्या रोज, दोन्ही टोके धरून मोजल्या आणि त्यांची बेरीज केली तर ती ४,३५० होते; आणि सबंध एप्रिल एकदमच मागवला तर नोंदी येतात ४,३२१. मधल्या २९ मध्यरात्री दोनदा मोजल्या गेल्या! बेरीज करणाऱ्याचे गणित चुकले नाही, यंत्रही चुकले नाही. चुकले ते टोक.

कोणी म्हणेल, चार हजारांत एकोणतीस, एवढा बाऊ कशाला? बाऊ अशासाठी की मध्यरात्र ही इतर वेळांसारखी साधी वेळ नसते. नक्कल काढून ठेवणे, जुन्या फाईली साफ करणे, दिवसाचा हिशेब मिटवणे, ही कामे पुष्कळ ठिकाणी बारा वाजताच लावलेली असतात. म्हणजे जी नोंद दोनदा मोजली जाते ती सर्वांत भाराची असण्याचा संभव असतो. चूक लहान असली तरी ती एकाच बाजूला झुकते. आणि एकाच बाजूला झुकणारी चूक सरासरीत विरून जात नाही.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही, हे मला गावी गेल्यावर कळले. एका वर्षी रब्बीच्या अखेरीस रविवारी रात्री दहाच्या सुमाराला आमच्याकडे गारांसह पाऊस झाला. मामांचा उभा गहू लोळला. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते, हे मामांना ठाऊक होते. त्यांनी बुधवारी दुपारी अर्ज दिला आणि नुकसानीची तारीख म्हणून रविवारची तारीख लिहिली. अर्ज परत आला. कारण, पावसाच्या नोंदीत रविवारी पाऊस शून्य होता! मामा मला म्हणाले, ‘अरे बापू, पाऊस मी डोळ्यांनी पायला. गारा वेचल्या पोरांनी. अन् कागद म्हणते पाऊस आलाच नाही. आता कागद खरा का मी खरा?’

दोघेही खरे होते. आपल्याकडे रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्याआधीच्या २४ तासांत पडलेला सगळा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या तारखेखाली लिहितात. म्हणजे ‘सोमवारचा पाऊस’ याचा अर्थ रविवारी सकाळी साडेआठपासून सोमवारी सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. रविवारी रात्री पडलेला पाऊस नियमाप्रमाणे सोमवारच्या रकान्यात गेला. तो तिथे होताही. पण तक्ता पाहणाऱ्याने रविवारचा रकाना पाहिला, कारण अर्जावर रविवार होता. त्याच्या समोरच्या पडद्यावर फक्त ‘दिनांक’ लिहिले होते. तो दिनांक कोठून कोठपर्यंतचा, हे लिहिलेले नव्हते. हा खुलासा होऊन अर्ज पुढे सरकायला दोन महिने गेले. मामांना समजावणारा एक भाचा होता. ज्याला असा कोणी नसेल, त्याने काय करावे?

त्या ७२ तासांचेही असेच आहे. रविवारी रात्री दहापासून ७२ तास म्हणजे बुधवारी रात्री दहापर्यंत. पण ‘तीन दिवस’ म्हणून कोणी रविवार, सोमवार, मंगळवार असे बोटांवर मोजले तर बुधवारची दुपार मुदतीबाहेर जाते. ७२ तास आणि तीन तारखा या एकच गोष्टी नव्हेत. ‘तासात मोज’ आणि ‘तारखेत मोज’ ही दोन वेगळी फंक्शने आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने चुकून दुसरे लावले, तर खिडकीवरच्या माणसाला त्यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त ‘मुदत संपली’ हे लाल अक्षर दिसते.

आता पुन्हा प्रयोगशाळेत येऊ. लिनक्स चालवणाऱ्या यंत्रांवर सिसस्टॅट नावाचा एक संच असतो आणि त्यात ‘सार’ नावाची आज्ञा असते. यंत्रावर दिवसभरात किती भार होता, हे ती सांगते. तिला आरंभाची वेळ सांगण्याचा एक पर्याय आहे आणि शेवटाची वेळ सांगण्याचा एक. गंमत अशी की हे पर्याय नुसते लिहिले, पण त्यांच्यापुढे वेळ लिहिली नाही, तर आरंभ सकाळी ८ चा आणि शेवट संध्याकाळी ६ चा धरला जातो. लिहिणाऱ्याने कचेरीचा दिवस मनात धरला असावा. मी पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत संध्याकाळी सातच्या सुमाराला यंत्र वारंवार अडून बसत असे. दोन मुलांना कारण शोधायला सांगितले. त्यांनी पर्याय लिहिले, वेळा लिहिल्या नाहीत, आणि अहवाल दिला: ‘दिवसभर यंत्र बहुतांशी रिकामेच होते, दोष आढळला नाही.’ अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त ज्या घटकेला यंत्र अडत होते, ती घटका त्यांच्या दिवसात नव्हतीच. मामांच्या अर्जाची आणि या अहवालाची जात एकच.

त्याच आज्ञेत आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. तिच्या तक्त्यात ‘१०:१०’ या वेळेपुढे जो आकडा असतो, तो दहा वाजून दहा मिनिटांच्या क्षणाचा नसतो. आधीच्या नोंदीपासून या नोंदीपर्यंतच्या काळाचा असतो. यंत्राच्या आत विजेच्या मीटरसारखा आकडा सतत वाढत असतो. मीटरचा नुसता आकडा वाचून या महिन्यात किती वीज जळली हे कळत नाही. दोन वाचनांतला फरक घ्यावा लागतो. तसेच येथेही. आणि त्या फरकावर चिठ्ठी लावली जाते ती नंतरच्या वाचनाच्या वेळेची. साडेआठच्या पावसाची रीत हीच. म्हणून तक्त्यातली वेळ गाळ्याच्या आरंभाची की शेवटाची, हे आधी विचारले पाहिजे. ते न विचारता दोन तक्ते शेजारी मांडले तर एका गाळ्याने पुढेमागे झालेले आकडे आपण एकमेकांशी ताडून पाहतो, आणि त्यांतून भलतेच कार्यकारण काढतो.

मोठमोठ्या जाणकारांचाही येथे पाय घसरतो, हे सांगितले पाहिजे; नाहीतर विद्यार्थ्यांना वाटेल की ही नवशिक्यांचीच चूक. प्रोमिथियस नावाचे एक साधन आहे. शेकडो यंत्रांवर एकाच वेळी नजर ठेवण्यासाठी ते जगभर वापरतात. ‘गेल्या पाच मिनिटांतल्या नोंदी दे’ असे त्याला सांगता येते. आता दर मिनिटाला एक नोंद होत असेल तर पाच मिनिटांत नोंदी किती? बहुतेक वेळा पाच. पण विचारण्याचा क्षण नेमका नोंदीच्या क्षणावर आला तर सहा! कारण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत दोन्ही टोके धरली जात. मागच्या टोकावरची आणि पुढच्या टोकावरची अशा दोन्ही नोंदी आत येत आणि खांब-गाळ्याचा घोटाळा उभा राहत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी नियम बदलला: मागचे टोक सोडायचे, पुढचे धरायचे. एवढ्या लोकांच्या हातात असलेल्या साधनाचा नियम बदलणे म्हणजे पुष्कळांचे जुने आकडे थोडे थोडे हलणार. तरीही त्यांनी तो बदलला, कारण कधी पाच आणि कधी सहा असे मोजणारे माप हे मापच नव्हे.

या विषयाचा मूळ विचार जुना आहे. हॉलंडचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये हाताने लिहिलेले एक लहानसे टिपण काढले. मोजणी शून्यापासून का करावी, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी आधी एक प्रश्न घेतला: दोनपासून बारापर्यंतचे आकडे लिहून दाखवायचे तर सीमा कशा लिहाव्या? चार रीती संभवतात. दोन्ही टोके धरा, दोन्ही सोडा, पहिले धरून दुसरे सोडा, किंवा पहिले सोडून दुसरे धरा. एकच टोक धरणाऱ्या दोन रीतींत दोन गुण आपोआप येतात. शेवटातून आरंभ वजा केला की लांबी मिळते. आणि एका खंडाचा शेवट हाच पुढच्या खंडाचा आरंभ होतो, मध्ये फटही राहत नाही व दुमडही पडत नाही. त्यांतूनही त्यांनी पहिले धरून दुसरे सोडण्याची रीत पसंत केली. मेसा नावाच्या संगणकभाषेत चारही रीतींची सोय होती, आणि उरलेल्या तीन रीती चुकांना कारण होतात असा ती वापरणाऱ्यांचा अनुभव होता, असेही त्यांनी नोंदले आहे.

मराठीत याचे सूत्र करायचे तर मी म्हणेन: एक टोक धरा, एक सोडा. घटनांची मोजणी असेल, म्हणजे कोणी किती वाजता आले, कोणता अर्ज कधी पडला, तर आरंभ धरावा आणि शेवट सोडावा. मोजणीनंतर चिठ्ठी लावलेली वाचने असतील, जसा साडेआठचा पाऊस, तर आरंभ सोडावा आणि शेवट धरावा. यांतले कोणते, याबद्दल वाद होऊ शकेल. पण दोन्ही धरणे किंवा दोन्ही सोडणे याला समर्थन नाही.

हे न पाळल्याने काय होते ते रोजच्या व्यवहारात पाहा. माहितीच्या साठ्यातून ‘१ जानेवारी आणि ३१ जानेवारी यांच्या दरम्यान’ असे मागवायचे तर एसक्यूएल भाषेत ‘बिटवीन’ हा शब्द आहे, आणि तो दोन्ही टोके धरतो. वाटते, सबंध जानेवारी आला. पण रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल तर वेळ न दिलेली ३१ तारीख म्हणजे ३१ ची सुरुवात, रात्री बाराचा ठोका. त्यानंतरचा एकतिसाव्या दिवसाचा सगळा व्यवहार बाहेर राहतो. हे लक्षात आले की काही जण शेवट ‘३१ जानेवारी, २३ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद’ असा लिहितात. मग शेवटच्या सेकंदाच्या आतले अंश निसटतात. त्यावरही कोणी ९९९ सहस्रांश जोडतात. एसक्यूएल सर्व्हरमधल्या जुन्या वेळ-प्रकाराला एवढी सूक्ष्मता पेलत नाही. तो ती वेळ वर ढकलून १ फेब्रुवारीचे बारा वाजवतो! रोगापेक्षा औषध भारी, ते असे. सरळ ‘१ जानेवारी किंवा त्यानंतर, आणि १ फेब्रुवारीच्या आधी’ असे लिहिले की तीस, एकतीस, अठ्ठावीस यांची कटकटच उरत नाही.

आपला ‘पर्यंत’ हा शब्द येथे फार फसवा आहे. ‘अर्ज ३१ तारखेपर्यंत स्वीकारले जातील’ असे फलकावर वाचले की आपण ३१ ला दुपारी अर्ज घेऊन निघतो, आणि ते बरोबरच आहे. माणसाच्या बोलण्यात ३१ आत असते. प्रोग्राममध्ये तोच ‘पर्यंत’ वेळ न देता उतरला की खिडकी तीस तारखेच्या मध्यरात्रीच बंद होते. दोष विद्यार्थ्याचा नाही, मराठीचाही नाही. एका जगातला शब्द दुसऱ्या जगात नेताना त्याचा अर्थ सोबत नेला नाही, हा दोष आहे.

टोकांइतकाच दुसरा प्रश्न घड्याळाचा. ‘आज’ म्हणजे कोणाचा आज? पुष्कळ यंत्रे आपल्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणून त्या यंत्राचा ‘आज’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. शिवाय आपला फरक अर्ध्या तासाचा असल्यामुळे त्याचे तासही आपल्या तासांशी जुळत नाहीत. त्याचा एक तास आपल्या साडेदहापासून साडेअकरापर्यंत जातो. एखाद्या तक्त्यात अचानक ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ अशी वेळ दिसून तुम्ही चक्रावला असाल. ती भुताटकी नव्हे. युनिक्स पद्धतीत काळाची मोजणी जागतिक वेळेच्या १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून होते. वेळेची जागा रिकामी राहिली, तेथे शून्य पडले, आणि शून्याला भारतीय घड्याळ लावले की साडेपाच वाजतात. पाऊस साडेआठला मोजण्यामागेही हेच आहे: ती जागतिक वेळेने तिसऱ्या तासाची मोजणी असते. आणि आपल्या देशातही घड्याळ सर्वत्र एक नव्हते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबई १९५५ पर्यंत तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ वापरीत होती. त्या काळातल्या मुंबईच्या नोंदी पाहणाऱ्याला हे ठाऊक हवे.

घड्याळानंतर पंचांग. या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र आणि आपण मराठी मंडळी यांना एक सोय आहे: दोघांचाही महिना अमावास्येला संपतो, त्यांची युगादी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी येतात. आमच्या लोधीखेड्यात ही सोय नाही. आमच्या हिंदी शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा सावन लागतो. आमचा श्रावण त्यानंतर पंधरवड्याने. राखीपौर्णिमेला त्यांचा सावन संपतो, आमचा पोळ्यापर्यंत चालतो. पोळ्याची अमावास्या आमच्या पंचांगात श्रावणाची आणि त्यांच्या पंचांगात भाद्रपदाची. बैल मात्र दोघांचे एकाच दिवशी सजतात. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीवर गोटमार भरते, ती भाद्रपद शुद्ध प्रतिपदा दोघांनाही मान्य, कारण शुक्ल पक्षाबद्दल वाद नाही. आता ‘श्रावणात किती पाऊस झाला?’ असे विचारणारे फंक्शन कोणी लिहिले आणि कोणाचा श्रावण ते सांगितले नाही, तर आमच्या एका आळीत त्याची दोन उत्तरे येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

‘वर्ष’ या शब्दाचीही तीच तऱ्हा. सरकारी हिशेबाचे वर्ष एप्रिलला सुरू होते, शेतीचे जुलैला, भिंतीवरच्या कॅलेंडरचे जानेवारीला. आणि पावसाळा म्हणजे हवामानखात्याच्या लेखी १ जून ते ३० सप्टेंबर. मध्य प्रदेश शासनाने २०१७ साली आर्थिक वर्ष जानेवारीपासून धरण्याचे ठरवले होते. ते अमलात आले नाही. आले असते तर त्या सांध्यावर एक ‘वर्ष’ नऊच महिन्यांचे झाले असते, आणि वर्षागणिक तुलना करणारे प्रत्येक फंक्शन तेथे अडखळले असते. तसाच सांधा ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या पत्त्यात पडला. छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि लोधीखेडा त्यात गेले. ‘पांढुर्णा जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या’ मागितली तर यंत्राला असा जिल्हाच सापडणार नाही. ती तालुक्यांवरून जोडून काढावी लागेल. काळाची टोके सांगताना कधी कधी जागेचीही टोके सांगावी लागतात, ती अशी.

हे काम नीट करता येत नाही असे मात्र नाही. आपली जनगणनाच घ्या. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत घरोघर चालली, पण मोजायचे ते १ मार्च २०११ च्या शून्य तासाला देशात असलेले लोक, असे आधीच ठरलेले होते. म्हणून १ ते ५ मार्च पुन्हा फेरी झाली. गणक येऊन गेल्यावर आणि त्या ठोक्याच्या आत जन्मलेले मूल लिहिले गेले, वारलेल्याचे नाव कमी केले गेले. ठोक्यानंतर जन्मलेले मूल त्या गणनेत नाही. एवढ्या मोठ्या देशाची गणती एका क्षणाला बांधता येते, तर आपल्या वीस ओळींच्या प्रोग्रामला ते जड का जावे?

एक आक्षेप मी सहकाऱ्यांकडून ऐकला आहे. ‘हे सगळे शिकवत बसलो तर अभ्यासक्रम केव्हा पुरा करायचा? शिवाय तयार फंक्शने असताना त्यांच्या पोटात कशाला शिरा?’ पहिल्या भागाशी मी सहमत आहे; वेळ कमी आहे. पण यासाठी नवे प्रकरण नको, एक तास पुरे. दुसऱ्या भागाशी मात्र नाही. तयार फंक्शन वापरू नये असे मी म्हणत नाही. त्याला प्रश्न न विचारता वापरू नये, एवढेच म्हणतो. ‘काल’ आणि ‘गेले २४ तास’ ही दोन्ही फंक्शने तयारच असतात, पण सकाळी अकरा वाजता विचारले तर पहिले काल मध्यरात्रीपासून आज मध्यरात्रीपर्यंतचे सांगते आणि दुसरे काल अकरापासून आज अकरापर्यंतचे. त्यांतले कोणते हवे, हे फंक्शन ठरवू शकत नाही. ते ठरवणे हेच आपले शिक्षण.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रयोगवहीत आकडेवारीचा कोणताही तक्ता असो, त्याच्या डोक्यावर चार प्रश्नांची उत्तरे लिहिल्याशिवाय त्याला गुण देऊ नयेत. आरंभ कोणता? शेवट कोणता? यांपैकी कोणते टोक धरले आणि कोणते सोडले? घड्याळ व पंचांग कोणाचे? संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे करावेच. पण अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास यांच्या विद्यार्थ्यांनाही यातून सुटका असू नये. अध्यापकांनीही आधी स्वतःचे हजेरीपट तपासावेत. पंचाहत्तर टक्के हजेरी कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंतची, हे वर्षाच्या आरंभी फलकावर लागले, तर शेवटच्या महिन्यातले निम्मे वाद तेथेच मिटतील.

पडद्यावर लोकांना दिसणारी भाषा मात्र लोकांचीच राहू द्या. ‘३१ तारखेपर्यंत’ असेच लिहा. आत मात्र ‘१ तारखेच्या आधी’ असे मोजा. आठवड्याला आठवडाच म्हणा. मराठीने आठ म्हणून सात मोजले तरी ती कधी गोंधळली नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही रीत ठाऊक होती. यंत्राच्या आणि आपल्या मध्ये ती रीत ठाऊक करून देणारा एक माणूस लागतो. प्रोग्राम लिहिणारा तो माणूस आहे.

गेल्या सुट्टीत मामांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘म्हणजे बापू, कागदावर फकस्त एक ओळ कमी होती म्हण न.’ हो. एकच ओळ कमी होती. ती लिहिण्याची सवय आपण या वर्गांतून लावू शकलो, तर कोण्या गावच्या कोण्या मामांचे दोन महिने वाचतील.